वाघोबाचा चौथा पाय

४ मार्च, संध्याकाळ

आज सासरेबुवांनी दुकानात सगळ्यांसमोर जाहीर केलं. सगळ्यांसमोर म्हणजे मी आणि बायको. वाघोबा संग्रहालयात जाणार! महिनाअखेरीस तिथल्या बाई तपासायला येतील. अस्सल ठरला तर घेऊन जातील. तो गेला की आपणही दुकानात बसणं बंद करणार, पुढच्या खुर्चीचं तेव्हा बघू, असं म्हणाले.

पुढची खुर्ची म्हणजे दारासमोरची, उंच पाठीची. आत येणारा माणूस आधी तिला नमस्कार करतो, मग तिच्यात बसलेल्याला. तीत आता कोण बसणार? मेव्हणा फोमचे सोफे विकतो, त्याला जुन्या लाकडाची शिंक येते. बायको दिवसभर टॉर्च घेऊन फर्निचरखाली लोळत असते. राहिलं कोण? सोळा वर्षं घरजावई आहे आणि सोळा वर्षं मागच्या स्टुलावर आहे. अनुभव म्हणतात तो हाच.

आजपासून रोजनिशी. मोठी जबाबदारी येताना डोकं जागेवर हवं.

५ मार्च

वाघोबाविषयी. खणांचं कपाट आहे, माझ्या खांद्याइतकं उंच, काळसर लाकडाचं. चार पाय म्हणजे वाघाचे चार पंजे, प्रत्येकाने एक गोळा घट्ट धरलेला, नखं रुतलेली. मागचे पायसुद्धा कोरलेले, जे भिंतीकडे असतात आणि कोणाच्या बापालाही दिसत नाहीत. तो कारागीर वेडाच असणार.

सासरेबुवांनी ते तरुणपणी घेतलं आणि कधी विकलं नाही. रस्त्यावरच्या बाकीच्या दुकानदारांनी तेव्हा हसं केलं होतं, की साध्या कपाटाला मागाहून पंजे ठोकलेत आणि हा भोळा फसला. तेव्हापासून आजपर्यंत म्हातारा प्रत्येकाला सांगत आलाय की पाय अस्सल आहेत. हसणाऱ्यांतले बरेचसे वर गेले, तरी यांचं सांगणं चालूच.

आज म्हणाले, जाणत्या माणसाच्या तोंडून एवढं एक ऐकलं की मी मोकळा. बायको म्हणाली, बाबा, असं काय बोलता? मी म्हणालो, काळजी सोडा, मी आहे ना. त्यावर दोघंही उठून आत गेले. भारावले असावेत.

महत्त्वाचं: सासरेबुवा म्हणाले की बाई आधी पाय बघतील. फर्निचर तोंडाने खोटं बोलतं, पायाने नाही. हे लक्षात ठेवायचं. सगळं पायांवर आहे.

८ मार्च

सासरेबुवांचे गुडघे गेल्यापासून त्यांना जमिनीवर आडवं होता येत नाही. पूर्वी दुकानात नवं काही आलं की आधी सतरंजी टाकून त्याच्याखाली झोपायचे. आज मला म्हणाले, जावईबापू, जरा खाली जाऊन पायांचे तळ बघता का?

माझी पँट नवी होती. वाकलो, मान जमेल तेवढी तिरकी केली आणि उत्तम आहेत म्हणून सांगितलं. ते हं म्हणाले.

मग बायको गेली. बराच वेळ दोन पायच तेवढे बाहेर. निघाली तेव्हा केसांत जाळी, गालाला धूळ, आणि चेहरा असा की कोणीतरी बक्षीस दिलंय. म्हणाली, बाबा, जसेच्या तसे आहेत! करडे, कोरडे, कडा झिजलेल्या, किडीची भोकंसुद्धा आहेत. दोघं बापलेक एकमेकांकडे बघून हसले.

मी थक्क. संग्रहालयाच्या बाई येणार, आधी पाय बघणार, आणि पायांचे तळ करडे, झिजलेले, किडके. यात हसण्यासारखं काय आहे? या घरात मॅनेजमेंट नावाची गोष्ट नाही.

११ मार्च

ठरलं. पायांचं काम मी करणार, कोणालाही न सांगता. सरप्राइज. बाई खाली टॉर्च मारतील, चारही तळ आरशासारखे चमकतील, बाई विचारतील हे कोणी केलं? मी नम्रपणे स्टुलावरून उठेन.

जिथे कोणाची नजर जात नाही तिथेही ज्याचं काम स्वच्छ, तो खरा मालक. हे वाक्य माझंच आहे. चांगलं आहे.

१३ मार्च, दुपार

सासरेबुवांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन बायको गेली. दार आतून लावलं. गाडीचा जॅक लावून वाघोबा थोडा थोडा उचलला. सँडपेपरने घासला. अनेक वर्षांची ती करडी साल निघून आतलं लालसर लाकूड वर आलं तेव्हा खरंच बरं वाटलं. वर पॉलिशचे दोन हात. गोळ्यांखाली फेल्टच्या चकत्या चिकटवल्या, फरशीवर ओरखडे नकोत म्हणून. एवढा पुढचा विचार त्या कारागिराने केला नव्हता.

पुढचे दोन झाले. मागचा उजवा झाला. मागचा डावा कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना भिंत. जॅक जात नाही, हात पोचत नाही, आणि आडवं होऊन आत सरकायचं म्हणजे शर्टाचं वाटोळं. तिन्ही इतके छान झालेत की चौथा झालाच असं समजायला हरकत नाही.

थोडक्यात, चारही पाय पूर्ण.

१४ मार्च

सकाळी दार उघडताच बायको थबकली. पॉलिशचा वास कसला म्हणाली. मी म्हणालो, त्या दारामागच्या खुर्चीला जरा हात मारला. तिने विचारलं, अहो, वाघोबाला हात लावला नाहीत ना? मी म्हणालो, हात? छे.

खोटं बोललो नाही. ब्रश लावला होता.

१७ मार्च, रात्री जेवणानंतर

आज पांघरूण डोक्यावर घेऊन लिहितोय. एसीमुळे असेल.

जेवताना सासरेबुवा रंगात आले होते. नकली पाय कसा ओळखायचा ते सांगत होते. पायाच्या तळाला कोणी कधी पॉलिश करत नाही म्हणे. तिथलं लाकूड उघडं असतं, वर्षानुवर्षं हवा लागून करडं पडतं, आणि कपाट पुढे ओढून ओढून पुढची कड जास्त झिजते. बाकी सगळ्याची नक्कल करता येते, तळाची येत नाही. म्हणून खाली पॉलिश दिसलं की समजायचं, पाय नवा, कपाट बनावट, आणि दुकानदार लबाड. वाघोबाचा जन्मदाखला म्हणजे ते चार तळ, असं म्हणून ते पाणी प्यायले.

मला ठसका लागला. बायकोने पाठीत थापट्या मारल्या.

ही माहिती मला सोळा वर्षांत कोणी दिली नाही. (बायको म्हणते दर आठवड्याला देतात. पण जेवताना माणूस जेवतो.) त्यांनी ८ तारखेलाच नीट सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती. जबाबदारी कोणाची ते स्पष्ट आहे.

१८ मार्च

घाबरायचं कारण नाही. जे घासून काढलं ते परत लावता येतं. लाकूडच आहे ते.

२० मार्च

मोठं संकट टळलं. बायको सतरंजी घेऊन वाघोबाकडे निघाली होती, एकदा परत बघते म्हणून. मी स्टूल उचललं आणि वाघोबासमोर ठेवून त्यावर बसलो. म्हणालो, आता बाई येईपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही, मी स्वतः राखण करणार. ती बघतच राहिली. सासरेबुवा मात्र खूश झाले. जावईबापूंनी मनावर घेतलंय, असं म्हणाले आणि माझ्यासाठी कॉफी मागवली.

कॉफी गोड लागली नाही. म्हाताऱ्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी काही मागवलं आणि मी त्याच्या वाघोबाला पाठीमागे दडवून बसलो होतो. अर्धा कप तसाच ठेवला. रिकाम्या पोटी कॉफी सोसत नाही.

पण त्या कपाकडे बघताना आयडिया सुचली. रंग अगदी जुन्या लाकडाचा आहे!

२१ मार्च, दुपार

बायको गिऱ्हाईकाकडे, सासरेबुवा मागच्या खोलीत आडवे. जॅक परत लावला. चकत्या खरवडून काढल्या. पॉलिश घासलं, सगळं निघालं नाही. त्यावर घट्ट काळी कॉफी, तीन वेळा. करडेपणा येईना म्हणून केराच्या डब्यातली धूळ पातळ गोंदात कालवून लावली. मग दाभणाने किडीची भोकं पाडली. काम नीटनेटकं झालं, भोकं एका ओळीत आणि सारख्या अंतरावर. कड झिजलेली हवी म्हणून कानस फिरवली. पुढची कड की मागची ते ऐन वेळी आठवेना. दोन्हींवर फिरवली.

चारही पाय पूर्ववत. (कोपऱ्यातल्याकडे याही वेळी पोचता आलं नाही. पण तो बिचारा कुठे काय बोलतोय.)

नखांत तपकिरी रंग बसलाय. साबणाने जात नाही.

२३ मार्च

मेव्हण्याचा फोन. मला म्हणाला, भावोजी, खुर्ची तुम्हालाच लखलाभ, मला ती बघूनच शिंका येतात. म्हणजे मार्ग मोकळा! खुर्चीवर बसून काय काय बदलायचं त्याचा विचार केला. पहिली गोष्ट, फर्निचरखाली झोपणं बंद. दुकानाच्या इभ्रतीला शोभत नाही.

झोप मात्र लागत नाही. उद्या बाई.

२४ मार्च, संध्याकाळ

जमेल तसं लिहितो.

बाई सकाळी आल्या. बारीक, चष्मेवाल्या, पायांत कॅनव्हासचे बूट. सोबत दोन हमाल. सासरेबुवांनी धुवून इस्त्री केलेला कोट घातला होता आणि पुढच्या खुर्चीत न बसता काठी धरून उभेच होते. बाईंनी वाघोबाची पुढची बाजू बघितली, खण ओढून बघितले, खणांचे सांधे बघितले, छान छान म्हणाल्या. मी स्टुलावरून मान डोलावत होतो. मग त्यांनी हमालांना सांगून वाघोबा कोपऱ्यातून बाहेर काढला, एका बाजूने उचलून ठोकळे लावले, सतरंजी टाकली आणि सरळ खाली झोपल्या.

पुढचा उजवा. गप्प. पुढचा डावा. गप्प. मागचा उजवा. नाक जवळ नेऊन वास घेतला. दुकानात घड्याळाची टिकटिक कधी नव्हे ती ऐकू यायला लागली. सासरेबुवांची काठी फरशीवर हळूहळू वाजत होती. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

बाई उठल्या. सासरेबुवांना म्हणाल्या, काका, वाईट वाटतं सांगताना. या पायांना कॉफीचा वास येतोय. धूळ गोंदाने चिकटवलीय. आणि ही किडीची भोकं बघा, कीड काय फूटपट्टी घेऊन आली होती? जुना दिसावा म्हणून कोणीतरी केलेले पाय आहेत हे. असं कपाट मी घेऊ शकत नाही.

 सासरेबुवा हळूच मागे झाले आणि माझ्याच स्टुलावर बसले. इतकं लहान मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. रस्त्यावरच्या त्या मेलेल्या दुकानदारांचं हसणं त्यांना त्या क्षणी ऐकू येत असणार.

मी बोलणारच होतो. अगदी तोंड उघडलं होतं. पण हमालांना पाणी हवं का ते विचारायचं राहिलं होतं, तेच विचारलं. शिवाय अशा वेळी घाईने बोलून गोंधळ वाढवण्यात अर्थ नसतो.

बायको सतरंजीवर आडवी झाली. टॉर्च एका पायावरून दुसऱ्यावर. बाहेर आली, उभी राहिली आणि माझ्या हातांकडे बघितलं. मी हात खिशात घातले. उशीर झाला होता.

मग ती बाईंना म्हणाली, तुम्ही तीनच पाय बघितले. बाई म्हणाल्या, तीन पुरेसे आहेत हो. बायको म्हणाली, नाही पुरेसे, चौथा बघा. बाईंनी घड्याळाकडे बघितलं. बायको दारात जाऊन उभी राहिली, म्हणाली, तुम्ही चौथा बघितल्याशिवाय मी तुम्हाला जाऊ देणार नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला त्या आवाजात ती कधी काही म्हणाली नाही, याबद्दल मी आभारी आहे.

बाई परत झोपल्या. मागचा डावा, कोपऱ्यातला.

बराच वेळ झाला. खालून आवाज आला, टॉर्च जरा जवळ धरा. मग आवाज आला, अरे देवा. मग, काका, काका!

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या केसांत जाळी होती आणि चेहऱ्यावर तेच बायकोचं ८ तारखेचं हसू. म्हणाल्या, हा अस्सल आहे, पूर्ण अस्सल, पुढची कड कशी झिजलीय बघा, कारागिराच्या पटाशीच्या खुणासुद्धा आहेत, हे कोणाला करता येणारच नाही! आणि तीच तिरकस खूण बाकीच्या तीन पंजांच्या आतल्या बाजूला आहे, म्हणजे चारही एकाच हाताचे, कपाटाबरोबरच जन्मलेले. तिघांच्या तळांची फक्त कोणीतरी वाट लावलीय. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, कोण हा महामूर्ख?

सासरेबुवा रडत होते. उघडउघड, कोटाच्या बाहीने डोळे पुसत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या खिशांकडे बघितलं, आणि बाईंना म्हणाले, बाई, तुम्ही या आतल्या खोलीत, मी सांगतो.

काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.

२५ मार्च

घरात कोणी काही बोलत नाही. जेवायला वाढतात. हे बोलण्यापेक्षा वाईट आहे. सकाळी बायकोने बेसिनवर नखं घासायचा ब्रश ठेवला होता. बस्स, तेवढंच.

तरी शांतपणे विचार केला असता एक गोष्ट दिसते. वाघोबा अस्सल ठरला तो चौथ्या पायामुळे. चौथा पाय तसाच कोणी ठेवला? मी. तुलनेसाठी एक नमुना राखून ठेवायचा ही प्रोफेशनल पद्धत आहे. माझ्या मनात ते आत कुठेतरी असणारच. योग्य वेळी हे सगळ्यांना समजावून सांगायला हवं.

२९ मार्च

हमाल आले, वाघोबा गेला. कोपऱ्यात फरशीवर चार गोल उरलेत, फिक्या रंगाचे. सासरेबुवा त्या रिकाम्या जागेकडे बघत उभे होते. मग खिशातून किल्ल्या काढून त्यांनी बायकोच्या हातात ठेवल्या आणि तिला खांद्याला धरून पुढच्या खुर्चीत बसवलं. ती नको नको म्हणत होती, पण बसली ती मागे टेकून, पहिल्यापासून तिथेच बसत आल्यासारखी. नंतर आलेलं गिऱ्हाईकही सरळ तिलाच विचारू लागलं. तेव्हा लक्षात आलं की सोळा वर्षं गिऱ्हाइकांचे प्रश्न तीच सोडवत होती. मला वाटत होतं की ते जाता जाता तिच्याशी गप्पा मारतात.

स्टूल पाठीला चांगलं असतं असं ऐकलंय.

तरी वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू. खूप वाईट वाटलं.

१८ एप्रिल

आज संग्रहालयात वाघोबाचं दालन उघडलं. आम्ही तिघं गेलो. सासरेबुवांसाठी चाकांची खुर्ची होती, ती मी ढकलत होतो.

वाघोबा मधोमध, दिव्याखाली. आणि त्याच्याखाली आरसा लावलेला, म्हणजे लोकांना न झोपता तळ दिसावेत. तीन काळे, चिकट, ओळीत भोकं पाडलेले. चौथा करडा, झिजलेला, शांत. लोक वाकून बघत होते आणि तीन पायांवर हसत होते. शेजारी पाटी: चारपैकी तीन पायांचे तळ अलीकडे एका अज्ञात हौशी व्यक्तीने खराब केले आहेत, चौथ्यामुळे कपाट अस्सल असल्याचे सिद्ध झाले.

मी बाईंना बाजूला घेतलं. नमुना राखून ठेवण्याचा मुद्दा समजावणार होतो, आणि अज्ञात हा शब्द बदलता येईल का तेही विचारणार होतो. त्या म्हणाल्या, मी नाव टाकणारच होते, अशा माणसाचं नाव लोकांना कळलं पाहिजे. पण काकांनी त्या दिवशीच हात जोडले. म्हणाले, नाव नको बाई, घरातला माणूस आहे.

मुद्दा समजावायचा राहून गेला.

सोळा वर्षांत मी त्यांच्या तोंडून जावईबापू ऐकलंय, पाहुणे ऐकलंय, एकदा तर अहो तुम्ही ऐकलंय. घरातला माणूस कधी ऐकलं नव्हतं. वाघोबाच्या आरशात बघितलं तर पायांच्या मागे माझाच चेहरा होता, उलटा. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. जुन्या लाकडाची धूळ.

परत येताना टॅक्सीत बायकोने विचारलं. त्या दिवसापासून पहिल्यांदाच विचारलं. अहो, एक सांगा, चौथा का सोडलात?

सासरेबुवांनी पुढच्या सीटवरून मान वळवली. माझं उत्तर तयार होतं. तुलना, नमुना, प्रोफेशनल पद्धत, सगळं जिभेवर होतं.

मी म्हणालो, हात पोचला नाही.

 मग बायकोचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतेय. सासरेबुवा पुढे वळून म्हणाले, जावईबापू, तुमचे हात आखूड आहेत हे आमचं नशीब.

घरी आल्यावर आरशासमोर उभं राहून दोन्ही हात पुढे केले. खरंच जरा आखूडच आहेत.